घाट, कातळ आणि कोलाग्राफ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात मी कोलाग्राफविषयी लिहिलं होतं. पुठ्ठ्यावर कागद, कापड, दोरा, पूड असं काहीबाही चिकटवून उंचसखल प्लेट करायची, तिच्यात शाई चोळायची, वरवरची पुसून काढायची आणि ओलसर कागदावर प्रेसखाली छापायची, अशी ही मुद्राचित्रणाची पद्धत. बहुतेक पत्रांमध्ये विचारणा एकच आहे : बाहेर बसून काढलेलं स्थळचित्र या प्लेटवर कसं आणायचं? माझ्याही जिवाचा विषय तोच आहे, म्हणून या वेळी उत्तरं जरा सविस्तर.

ताई, मेणवलीच्या घाटावर बसून मी पेनाने रेखाटनं केली. पाहणारे नावाजतात. पण त्यावरून कोलाग्राफ केला की तो वहीतल्या रेषांची नक्कल वाटतो, घाट वाटत नाही. नेमकं काय चुकतंय?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

प्लेटवर काही चुकत नाही, चुकतं ते घाटावर बसल्या बसल्याच. पेन हातात असलं की आपण कडा टिपतो. पायरी कुठे संपली, कमान कुठे वळली, वाड्याची भिंत कुठून सुरू झाली. कोलाग्राफला कडेचं फारसं अप्रूप नाही. शाई कुठे अडकेल आणि कुठून पुसली जाईल, एवढंच त्याला कळतं. खरखरीत जागी ती अडकते, तिथे काळोख. गुळगुळीत जागेवरून ती निघून जाते, तिथे उजेड. त्यामुळे घाटावर बसल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा : माझ्यासमोर सगळ्यात खरखरीत काय आहे, आणि सगळ्यात गुळगुळीत काय?

मेणवलीला हे फार छान दिसतं. सकाळी नऊच्या आत जा. ऊन तिरपं असतं, त्यामुळे काळ्या दगडावरचे टाकीचे घाव उठून दिसतात. वरच्या पायऱ्यांवर हे घाव अजून शाबूत आहेत. जसजसं पाण्याकडे उतरावं तसतशा पायऱ्या पावलांनी आणि कपडे आपटून झिजलेल्या, कडा गोलावलेल्या. पाण्याला टेकलेल्या पायरीवर शेवाळाचा पट्टा असतो. वर धोम धरण असल्याने कृष्णेचं पाणी कमी-जास्त होत राहतं, आणि तो पट्टा आज कुठे आहे हे जागेवरच टिपून घ्यावं लागतं. म्हणजे एकाच उतारावर दगडाचे तीन पोत आणि त्यापुढे पाण्याचा चौथा. दुपारी बारा वाजता हे सगळं सपाट होतं. तेव्हा सावलीत बसून डबा खावा.

माझी वही आता रेखाटनाची कमी आणि नोंदींची जास्त झाली आहे. बसल्यावर आधी काड्यापेटीएवढ्या चौकटीत फक्त तीन छटांमध्ये सगळं दृश्य मांडते : पांढरं, मधलं, काळं. बस्स. त्यात रेषा आली की खोडते. मग पातळ कागद पायरीवर ठेवून काळ्या मेणखडूने आडवं घासते. दगडाचा पोत जसाच्या तसा कागदावर उतरतो. (हे पायरीवर, फरशीवर करावं. देवळातल्या कोरीवकामावर, मूर्तीवर अजिबात करू नये.) आणि शेजारी शब्दांत लिहिते. एका पानावर असं आहे : “ऊन डावीकडून. पाणी सगळ्यात उजळ, आकाशाहूनही. पिंपळाखाली सगळ्यात काळं. खालच्या पायऱ्या तळहातासारख्या.” घरी आल्यावर रेखाटनापेक्षा ही ओळच जास्त उपयोगी पडते.

मोबाइलवर फोटो काढून घरी प्लेट करणारे पुष्कळ आहेत. माझं स्पष्ट मत आहे की त्याने भागत नाही. फोटोत पिंपळाखालची सावली एकसलग काळी होते, आणि डोळ्याला त्याच सावलीत मुळं, दगड, पडलेली पानं दिसत असतात. ती काळोखातली भर हाच तर कोलाग्राफचा सगळ्यात बळकट भाग.

आता प्लेट. पायरीची कड काढायचीच नाही. पातळ कार्डातून पायरी कापायची आणि दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवायची. चिकटवलेल्या तुकड्याच्या कडेला जी बारीक खाच राहते तिच्यात शाई आपोआप साठते, आणि छापल्यावर तीच रेषा म्हणून दिसते. तुम्ही पेनाने काढली असती त्याहून ती जिवंत असते, कारण कुठे जाड, कुठे पुसट, कुठे तुटकी येते. वरच्या टाकीच्या पायऱ्यांसाठी ब्लेडने कार्डाची वरची पापुद्री कापून सोलून काढा. आतला तंतुमय भाग शाई घट्ट धरतो. खालच्या झिजलेल्या पायऱ्यांवर फेव्हिकॉलचे दोन पातळ हात द्या. तिथे शाई जवळजवळ सगळी पुसली जाते आणि मऊ करडा रंग उरतो. पाण्याच्या जागी काही चिकटवू नका. ती जागा नुसती गुळगुळीत ठेवा आणि सुईने दोन-चार आडवे ओरखडे ओढा. पिंपळाखालच्या काळोखासाठी ओल्या फेव्हिकॉलवर कार्बोरंडमची, म्हणजे घासकामाची खरखरीत पूड भुरभुरवा. ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते. नाहीच मिळाली तर बारीक पॉलिशपेपरचे तुकडे फाडून लावा. कापू नका, फाडा.

घाटावरच्या देवळातली घंटा मात्र सगळेच काढतात. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकल्यावर तिथून आलेल्या घंटांपैकी ती एक, तेव्हा काढावीशी वाटणं साहजिक आहे. पण तुमच्या रेखाटनांत प्रत्येक पानावर घंटेचंच देऊळ मध्यभागी आहे. एकदा तिच्याकडे पाठ करून नुसत्या पायऱ्या आणि पाणी घेऊन बसा.

आमच्याकडे काळा दगड नाही. जांभा, गडगे (रचलेल्या दगडांची कुंपणं), भातखाचरं आणि सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, सुकलेलं गवत. यासाठी कोणतं साहित्य वापरावं?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

तुमचा हेवा वाटतो. जांभ्याइतका कोलाग्राफला मानवणारा दगड दुसरा नाही, कारण तो मुळातच भोकाभोकांचा असतो.

भिंतीला लावतात ती पुट्टी थोड्या फेव्हिकॉलमध्ये कालवा आणि पुठ्ठ्यावर पातळ पसरा. अर्धवट सुकली की नारळाच्या काथ्याची गुंडाळी करून तिने टिपत जा. काथ्या वर उचलताना पुट्टी ओढली जाते आणि बारीक खळगे पडतात. पुट्टीचा थर दीड-दोन मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. उंच टोक असेल तर ओला कागद तिथे फाटतो आणि प्रेसच्या ब्लँकेटला (रुळाखालच्या जाड लोकरी कापडाला) कायमचा खड्डा पडतो. याच कारणासाठी समुद्राची वाळू वापरू नये. दिसायला मोहक, पण एखादा जाड कण सगळं प्रिंट घालवतो.

गडग्याचे दगड वेगवेगळे कापून, मध्ये फटी ठेवून लावा. फटी म्हणजेच काळोख. भातखाचरांच्या बांधांसाठी गोधडीचा जाड दोरा चांगला. पण दोरा नुसता चिकटवला तर प्रिंटमध्ये दोराच दिसतो. त्यावर टिश्यू पेपरचा एक थर फेव्हिकॉलने बसवला की त्याचा पीळ झाकला जातो आणि बांध वाटू लागतो. सुकलेल्या गवतासाठी दवाखान्यातली गॉज पट्टी घ्या, तिचे आडवे धागे ओढून काढा आणि उरलेले उभे वाकडेतिकडे पसरून लावा.

करवंदीच्या जाळीसाठी तुम्ही खरं पान चिकटवायचं म्हणता. ते मला पटत नाही. पान चिकटवलं की पानाचा ठसा येतो, जाळी येत नाही. तळहाताएवढ्या प्लेटवर दूरचा सडा आणि त्यात आख्खं पान, शिरांसकट, म्हणजे प्रमाणच कोसळतं. जाळी म्हणून तुम्हाला जे लांबून दिसलं, तो काळसर, टोचरा, खाली दाट आणि वर विरळ होत जाणारा गठ्ठा. त्यासाठी चुरगळलेला टिश्यू किंवा नारळाच्या शेंड्यांचा चुरा बघा. वस्तू चिकटवायची नाही, तिचा पोत शोधायचा.

रंगाचं विचारलंत. जांभ्याचा तांबडा एकाच शाईत मिळत नाही. खोलगट भागात बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात चिमूटभर काळा मिसळून चोळा, नीट पुसा, आणि मग वरच्या उंच भागावरून कडक रोलरने अगदी पातळ करडा-निळा फिरवा. खड्ड्यात तांबडं आणि माथ्यावर आभाळाचा रंग, पावसाळ्यानंतर सडा असाच दिसतो. एकाच प्लेटवर शेजारी शेजारी दोन रंग हवे असतील तर कापडाच्या छोट्या पुरचुंड्या करा. प्रत्येक रंगाला वेगळी पुरचुंडी, आणि पुसतानाही वेगळा कपडा.

प्रिंटमध्ये घाट उलटा आला. गावातले लोक लगेच म्हणाले, “नदी या बाजूला कुठे आहे?” हे असंच चालतं का?
— चित्रकार, वाई

निव्वळ निसर्ग असेल तर चालतं. डोंगर उलटला तरी कुणी तक्रार करत नाही. पण ओळखीची जागा असेल तर माझ्या मते चालत नाही. वाईकराला ढोल्या गणपती आणि नदी यांचं नातं अंगात मुरलेलं असतं, ते उलटलं की त्याला पुढचं काही दिसतच नाही.

उपाय सोपा. रेखाटन ट्रेसिंग पेपरवर घ्या, कागद पालथा करा आणि तसंच पुठ्ठ्यावर उतरवा. काम करताना समोर आरसा ठेवला तर मधूनमधून खरं चित्र पाहता येतं. आणि ऊन विसरू नका. घाट पालथा करून उतरवला आणि प्लेटवर सावल्या मात्र वहीतल्याच बाजूला ठेवल्या, असं फार वेळा पाहिलंय.

शाई पुसली जात नाही, सगळं प्रिंट मातकट येतं. दुसऱ्यांदा छापताना तर प्लेटचा वरचा थरच कागदाला चिकटून निघाला. जुलैत केलं होतं.
— विद्यार्थी, कोल्हापूर

जुलै हेच निम्मं उत्तर. पावसाळ्यात फेव्हिकॉल वरून सुकल्यासारखा वाटतो आणि आत ओला असतो. उन्हाळ्यात एक रात्र पुरते तिथे पावसात दोन-तीन दिवस द्यावे लागतात. नखाने दाबून बघ. खूण उमटली तर थांब.

दुसरं, तू प्लेट सील केलेली दिसत नाहीस. फर्निचर पॉलिशवाले वापरतात ती चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळव आणि तिचे पातळ हात दे. पुढून, मागून आणि चारही कडांना. कडा राहिल्या की ओल्या कागदातलं पाणी तिथून पुठ्ठ्यात शिरतं आणि थर सुटतो. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ बरे, जाड हाताने बारीक पोत बुजतो. स्पिरिट पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी ठेव आणि जवळ शेगडी, उदबत्ती नको. काम झाल्यावर प्लेट स्पिरिटने पुसू नकोस, लाखच निघून जाईल. खाण्याचं स्वस्त तेल आणि चिंधी, तेवढ्याने शाई निघते.

पुसण्याचं म्हणशील तर शाई लावायला पुठ्ठ्याचा तुकडा आणि जुना टूथब्रश वापर, म्हणजे ती कानाकोपऱ्यात जाते. मग खळ घातलेल्या जाळीदार कापडाचा सैल गोळा करून गोल गोल पूस. शेवटी वर्तमानपत्राच्या सपाट तुकड्याने, तळहात आडवा ठेवून, फक्त उंच भाग उजळव. शाई फार घट्ट असेल तर जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब टाक. जास्त टाकलंस तर कागदावर तेलाची कड पसरते.

कागद सुती हवा, २५० ते ३०० ग्रॅमचा. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद या कामाला चांगला. अर्धा-पाऊण तास भिजव, मग टॉवेलमध्ये किंवा टीपकागदात दाबून पाणी टिप. वर चकाकी दिसता कामा नये, पण गालाला लावला तर गार लागला पाहिजे.

विदर्भात राहते. जवळपास एचिंग प्रेस नाही. चमच्याने घासून कोलाग्राफ छापता येईल का?
— गृहिणी आणि चित्रकार, अमरावती

अर्धा येईल. उंच भागावर रोलरने शाई लावून, पातळ हातकागद ठेवून, पाठीमागून स्टीलच्या चमच्याने घासलं तर उठावाचं प्रिंट नक्की मिळतं, आणि ते सुंदर असतं. खोलगट भागातली शाई मात्र चमच्याने वर येत नाही. त्यासाठी ओला कागद खड्ड्यात दाबला जावा लागतो, आणि तो दाब दोन रुळांच्या प्रेसलाच जमतो.

म्हणून तुमच्यासाठी प्लेट करण्याची रीतच बदला. गडद हवं ते उंच करा, उजळ हवं ते खाली सोडा. वरच्या शिक्षिकाबाईंना जे सांगितलं त्याच्या बरोबर उलट. सातपुड्याच्या रांगा यात छान निघतात. एकामागे एक रांग वेगळ्या कार्डातून कापा, सगळ्यात जवळची सगळ्यात गडद शाईने.

प्रेसवर काम करायची ओढ असेल तर तुम्हाला मुंबईपेक्षा भोपाळ जवळ. तिथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या भारत भवनात मुद्राचित्रणाची कार्यशाळा आहे. आधी पत्र पाठवून चौकशी करा आणि जाताना प्लेट्स घरून पूर्ण तयार करून, सील करून न्या. प्रेसवरचा वेळ चिकटवण्यात घालवू नये.

प्रदर्शनात लोक विचारतात, “प्रिंट म्हणजे झेरॉक्सच ना? मग मूळ चित्र कुठे आहे?” काय उत्तर द्यावं? आणि क्रमांक कसा घालायचा?
— चित्रकार, पुणे

त्यांना प्लेट दाखवा. प्रदर्शनात प्रिंटशेजारी प्लेट टांगायची मी सवयच लावून घेतली आहे. लोक हात लावून बघतात, आणि विषय तिथेच संपतो. मूळ चित्र दुसरीकडे कुठे नाही, ते कागदावरच जन्मतं. वहीतलं रेखाटन ही त्याची केवळ तयारी.

क्रमांक पेन्सिलीने, प्रिंटच्या खाली. डावीकडे ३/१० असा अपूर्णांक (दहातलं तिसरं), मध्ये शीर्षक, उजवीकडे सही आणि साल. पुठ्ठ्याची प्लेट दहा-पंधरा प्रिंटनंतर दबू लागते, पोत बसतात, म्हणून आवृत्ती छोटीच जाहीर करा. पन्नास लिहून ठेवायचे आणि वीस निघायचे, हे घेणाऱ्याशी प्रामाणिक नाही.

कुणी “हे काय नवीन खूळ?” म्हणालं तर थोडा इतिहास जवळ असू द्या. कोलाग्राफ हे नाव अमेरिकेत सिअ‍ॅटलला शिकवणाऱ्या ग्लेन आल्प्स यांनी १९५६ च्या सुमारास रूढ केलं, पण प्लेटवर वस्तू जोडून छापण्याचा ध्यास त्याआधीचा. रोल्फ नेश या जर्मन चित्रकाराने १९३२ मध्ये हॅम्बुर्गच्या पुलांवर एक मालिका केली. धातूच्या प्लेटला तारा, पत्र्याचे तुकडे जोडायचे, भोकं पाडायची आणि छापायचं. पुलाचं लोखंड त्याने रेषेने दाखवलं नाही, धातूनेच छापलं. पुढच्या वर्षी तो नॉर्वेत गेला आणि लोफोटेनच्या कोळ्यांची मासेमारी जवळून पाहून त्यावरही त्याने काम केलं. आजच्या अंकातल्या सगळ्या प्रश्नांना मी जे सांगते आहे ते त्याच्या पुलांमध्ये नव्वद वर्षांपूर्वी करून ठेवलेलं आहे.

आपल्याकडे कंवल कृष्ण आणि देवयानी कृष्ण या दांपत्याचं काम शोधून बघा. देवयानीबाई मूळच्या इंदूरच्या, मुंबईत जे. जे. मध्ये शिकलेल्या. दोघंही सिक्कीम, तिबेटच्या वाटांवर हिंडून चित्रं काढणारे, आणि पुढे दिल्लीत राहून मुद्राचित्रणात रमलेले. कंवल कृष्ण यांच्या प्रिंटमधला उठाव पाहिला की त्यामागचे बर्फाळ डोंगर वेगळे सांगावे लागत नाहीत.

मी नववीत आहे. इंटरमिजिएटची परीक्षा झाली. माझ्याकडे प्रेस नाही, मोठ्या दुकानातलं सामान परवडत नाही. तरी मला आमच्या गावची विहीर छापायची आहे.
— एक विद्यार्थिनी, ता. जत, जि. सांगली

नक्की छाप. फळांच्या रसाचा किंवा दुधाचा टेट्रापॅकचा रिकामा खोका घे. कापून उलगड, धुऊन कोरडा कर. आतली चंदेरी बाजू म्हणजे तुझी प्लेट.

आधी विहिरीवर जा. काठाला टेकू नकोस, सोबत कुणीतरी मोठं माणूस असू दे, आणि कठड्यापासून दोन हात मागे बसून काढ. तुमच्या भागात विहिरी खोल असतात. आतल्या दगडांचे थर वरून खाली कसे बदलतात ते बघ : वर माती, मग मुरूम, मग काळा दगड. मग तीन छटांचं छोटं चित्र, वर शिक्षिकाबाईंना सांगितलं तसं.

घरी आल्यावर चंदेरी बाजूवर संपलेल्या बॉलपेनने दाबून रेषा ओढ. ओरखड्यात शाई बसेल. जिथे अगदी काळं हवं, म्हणजे विहिरीच्या तळाशी, तिथे ब्लेडने चंदेरी पापुद्रा सोलून काढ. ब्लेड चालवताना आईला किंवा दादाला जवळ बसव. जिथे पांढरं हवं तिथे काही करू नकोस. मुरुमासाठी पॉलिशपेपरचा तुकडा पालथा ठेवून वर वाटीने दाब, ठिपके उमटतील.

शाई म्हणून ऑइल कलरची काळी ट्यूब चालेल, थोडीशीच लागते. बोटाला कापड गुंडाळून चोळ, दुसऱ्या कापडाने पूस. ड्रॉइंगचा कागद दहा मिनिटं भिजवून टॉवेलमध्ये टिपून घे, खोक्यावर ठेव, वर आणखी एक कापड, आणि मग पोळपाटावर ठेवून लाटण्याने सगळ्या अंगाच्या जोराने लाट. टेट्रापॅक पातळ असल्याने एवढ्या दाबात पुष्कळसं उतरतं. पहिलं प्रिंट फिकट आलं तर कागद आणखी थोडा ओला ठेव आणि शाई जरा कमी पूस.

एका खोक्यावर चार-पाच प्रिंट चांगले येतील. त्यातलं एक मासिकाच्या पत्त्यावर मला पाठव. मागे गावाचं नाव आणि विहीर कुणाच्या शेतात आहे ते लिही, आणि पाणी किती खाली होतं तेही.